तापलेल्या जमिनीचा विलंब

घर उबदार ठेवण्यासाठीं त्याची जमीनच तापवावयाची, ही युक्ति थंड देशांत फार जुनी आहे. तिच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक लेखन विटा, नळ्या, भट्ट्या आणि त्या प्रथम कोणी बांधल्या या वादापुरतें असतें. खालून दिलेली ऊब माणसाच्या पायाला केव्हां लागते, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. वास्तविक सगळी अडचण येथेंच आहे. चुलींत लांकूड सारलें कीं ज्वाळा तत्काळ वर येते. जमिनीखालीं विस्तव केला तर त्याचा परिणाम वर जाणवावयास कित्येक तास लागतात, आणि विस्तव काढून घेतला तरी तो परिणाम कित्येक तास मागें रेंगाळतो. आज मोठी इमारत बांधण्यापूर्वीं तिचें आंकड्यांतलें प्रतिरूप संगणकावर चालवून पाहतात. त्या प्रतिरूपांत हा विलंब कसा धरावयाचा, हा एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. हा विषय संगणकाबरोबरच जन्मास आला, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. या गणिताचा पाया घरांच्या जमिनीवर घातला गेलाच नाहीं. तो पॅरिस येथें, पृथ्वीच्या पाठीवरील माती व खडक यांच्या विचारांत घातला गेला आणि एडिंबरो येथें त्याची परीक्षा झाली. संगणकाला तो शंभराहून अधिक वर्षांनीं आयता मिळाला. हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. विलंब हा एकच शब्द येथें दोन अगदीं भिन्न गोष्टींना लावला जातो. आजच्या पद्धतींत जमिनींत पुरलेल्या लांब नळींतून कोमट पाणी फिरवितात. बंबापाशीं पाणी तापलें तरी तें नळीच्या दुसऱ्या टोंकाशीं पोंचेपर्यंत तेथें कांहींच घडत नाहीं. पोंचलें कीं घडतें. पुण्याहून निघालेला जासूद दिल्लीस पोंचेपर्यंत तेथें बातमीचें एक अक्षरहि कळत नाहीं, आणि पोंचला कीं सगळी बातमी कळते, तसाच हा प्रकार. यास आम्ही प्रवास-विलंब म्हणूं. दुसरा विलंब निराळ्या जातीचा आहे. नळीभोंवतालच्या काँक्रीटमध्यें उष्णता पसरते ती पाणी मातींत मुरावें तशी. तिचा वर येण्याचा प्रारंभ लगेच होतो, पण तो इतका अल्प असतो कीं हाताला कळूं नये. पुढें ती वाढत जाते, आणि वाटेंत तिचे चढउतार बोथट होतात. यास मुरण-विलंब म्हणूं. पहिल्या प्रकारांत बातमी उशीरा येते पण जशीच्या तशी येते; दुसऱ्यांत ती उशीरा येते आणि पुसट होऊन येते. या दोहोंची गल्लत करणारीं प्रतिरूपें चुकीचीं उत्तरें देतात, हें तर खरेंच. पण गल्लत करणारे इतिहासलेखकहि भलत्यालाच श्रेय देऊन बसतात.

आपल्याकडील ग्रंथांचा विचार आधीं करूं, कारण त्यांविषयीं अतिशयोक्ति फार ऐकूं येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील १४ व्या अध्यायांत अग्नीच्या साहाय्यानें घाम आणण्याचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं जेंताकस्वेदाचें वर्णन वाचून, रोमन लोकांचीं तप्तभूमीचीं स्नानगृहें आमच्याकडूनच गेलीं, असें विधान करणारे विद्वान् आम्हीं पाहिले आहेत. मूळ ग्रंथ उघडून पाहिला असतां काय दिसतें? १६ अरत्नि उंच व तितकेंच रुंद, वर्तुळाकार, मातीनें लिंपलेलें, पुष्कळ खिडक्यांचें एक घर. त्याच्या मध्यभागीं बारीक छिद्रांची व झांकणाची अंगारभट्टी. लांकूड पुरतें जळून धूर नाहींसा झाला व घर तापलें म्हणजे रोग्यानें आंत जावें. येथें विस्तव खोलींत आहे, जमिनीखालीं नाहीं. तेव्हां जेंताकाचें रोमन पद्धतीशीं नातें जोडतां येत नाहीं. मात्र त्याच अध्यायांतील अश्मघनस्वेदाकडे या मंडळींनीं लक्ष दिलेलें नाहीं, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे तो तोच. माणसाच्या लांबीची शिला तिच्यावर लांकडें जाळून तापवावयाची. मग निखारे काढून टाकून, ऊन पाणी शिंपडून, वर लोकरीचें वस्त्र अंथरून रोग्याला तीवर निजवावयाचें. भूस्वेदाचा विधि असाच, फक्त शिलेऐवजीं जमीन. यांत अग्नि आधीं आणि उपयोग नंतर, असा क्रम मुद्दाम योजिला आहे. दगड उष्णता धरून ठेवतो व सावकाश सोडतो, हें जाणून त्या विलंबाचाच उपयोग केला आहे. चरकाच्या पदरीं एवढें श्रेय निर्विवाद पडतें. याहून अधिक मागूं नये.

असाच एक प्रकार मोहेंजोदडो येथील. तेथील सुप्रसिद्ध स्नानकुंडाशेजारीं विटांचे मोठमोठे घन चौथरे व त्यांच्यामध्यें अरुंद बोळ अशी एक रचना १९२० नंतरच्या उत्खननांत सांपडली. सर जॉन मार्शल यांच्या वेळीं तो उष्ण हवेचा हमाम असावा असें मानलें गेलें, आणि सिंधुसंस्कृतींत जमिनीखालून ताप देण्याची पद्धति होती असें पुष्कळांनीं लिहून टाकलें. १९५० सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं तेथें पुन्हां खणून ती इमारत धान्याचें कोठार ठरविली. पुढें कोठाराविषयींहि शंका घेण्यांत आल्या. हमाम मात्र त्यानंतर कोणी परत आणलेला नाहीं. तरीहि जुनें विधान ज्या पुस्तकांत एकदां शिरलें त्यांतून तें अद्याप निघालेलें नाहीं.

रोमन पद्धतीची गोष्ट निराळी. तेथें ग्रंथ व अवशेष दोन्ही एकमेकांस पुष्टि देतात. व्हिट्रुव्हियस यानें इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांत वास्तुशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथाच्या ५ व्या भागांतील १० व्या अध्यायांत या तरंगत्या जमिनीची रीत दिली आहे. तळाला भट्टीकडे असा उतार द्यावा कीं आंत टाकलेला चेंडू आपोआप भट्टीच्या तोंडाशीं परत यावा. त्यावर ८ इंची विटांचे २ फूट उंचीचे खांब केस मिसळलेल्या मातींत रचावे. खांबांवर २ फुटी फरशा ठेवून त्यांवर जमीन करावी. धूर व उष्ण हवा खांबांमधून खेळते आणि वरील जाड थर तापतो. या युक्तीचा जनक म्हणून सर्जियस ओराटा या व्यापाऱ्याचें नांव प्लिनीच्या आधारें सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ग्रीसमधील गॉर्टिस येथें याहून जुनीं, जमिनीखालून तापविलेलीं स्नानगृहें सांपडलीं असल्यानें तो मान ओराटाकडे राहत नाहीं. आमच्या दृष्टीनें व्हिट्रुव्हियसाचें दुसरेंच एक वाक्य अधिक मोलाचें आहे. स्नानाची वेळ मुख्यतः मध्यान्हापासून सायंकाळपर्यंतची ठरलेली असते, असें तो त्याच अध्यायाच्या प्रारंभीं सांगतो. त्याच्या मनांत तेथें खोल्यांचीं तोंडें कोणत्या दिशेस असावींत हा विचार आहे. पण ज्या जमिनीवर दुपारीं लोक यावयाचे तिच्याखालील विस्तव सकाळीं पेटवून भागणार नाहीं, हें उघड आहे. विस्तव रात्रंदिवस मंद ठेवावा लागे किंवा फार आधीं चेतवावा लागे. हा हिशेब भट्टीवरच्या दासाच्या डोक्यांत असे. त्या दासाचें ज्ञान ग्रंथांत उतरलें नाहीं.

कोरियांत हेंच ज्ञान घरोघरच्या बायकामाणसांच्या हातीं राहिलें. तेथील ओंदोल पद्धतींत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर जमिनीखालील दगडी पन्हळांतून नेऊन पलीकडच्या धुराड्यानें बाहेर सोडतात. पन्हळांवर सपाट दगड, त्यांवर मातीचा लेप आणि वर तेल दिलेला जाड कागद. चुलीजवळचे दगड अधिक जाड व त्यांवरचा मातीचा थरहि अधिक जाड, दूरचे पातळ, अशी योजना असते. कारण उघड आहे: जेथें ताप अधिक तेथें विलंब अधिक घातला म्हणजे खोलीच्या दोन्ही टोंकांतील अंतर कमी होतें. तरीहि चुलीकडील बाजू उबदारच राहते, आणि ती जागा घरांतील वडील माणसांना व पाहुण्यांना देण्याची रीत आहे. रात्रीच्या स्वयंपाकाचा ताप पहांटेपर्यंत पुरतो. हादोंग येथील चिलबुलसा या बौद्ध मठांत एक खोली अशी होती कीं तिच्याखालीं एकदां जाळ केला कीं ऊब ४९ दिवस टिके, असें परंपरा सांगते. हा आंकडा ध्यानाच्या व्रतकालाशीं जुळविलेला दिसतो. तो मोजमाप म्हणून घेण्याचें कारण नाहीं. पण आख्यायिकेंत कौतुक कशाचें आहे तें पाहावें. किती ऊब मिळते याचें नव्हे, किती काळ मिळते याचें आहे.

आपल्या देशांत या जातीची जिवंत पद्धति काश्मीरची होय. श्रीनगर येथील मशिदींतून व कांहीं जुन्या घरांतून दगडी फरशीखालीं लांकडें जाळून खोली तापवितात; तिला हमाम म्हणतात. आपल्या मराठींतला हमामखाना हा शब्द फारशीतून आला, पण या प्रांतांत जमीन तापविण्याची गरज कोणास पडली नाहीं. त्यामुळें शब्द आला आणि विस्तव मागें राहिला.

आतां गणिताकडे वळूं. २१ डिसेंबर १८०७ रोजीं जोसेफ फूरिये यानें पॅरिस येथील विद्वत्सभेपुढें घन पदार्थांतील उष्णतेच्या प्रसारावर एक निबंध सादर केला. हा गृहस्थ नेपोलियनबरोबर ईजिप्तला जाऊन आलेला, व त्या वेळीं ग्रनोबल येथें प्रांताधिकारी होता. ईजिप्तहून आल्यावर त्याला थंडी सोसेनाशी झाली होती व तो आपल्या खोल्या भयंकर तापवून ठेवी, असें त्याचे चरित्रकार सांगतात. लाग्रांजसारख्या गणितज्ञानें त्याच्या श्रेणींवर आक्षेप घेतला. १८१२ सालीं पारितोषिक मिळूनहि टीका चालूच राहिली. शेवटीं १८२२ सालीं त्याचा उष्णतेविषयींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. श्रेणींच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. फूरियेनें ज्या प्रश्नांना हात घातला त्यांत एक असा होता: पृथ्वीच्या पाठीवर दिवसा ऊन व रात्रीं थंडी, उन्हाळ्यांत ताप व हिवाळ्यांत गारठा, असे चढउतार सतत चालतात, ते खोल जमिनींत कसे पोंचतात? पॅरिसच्या वेधशाळेखालीं सुमारें २८ मीटर खोल तळघरें आहेत. तेथें लाव्हाझिए यानें १७८३ सालीं ठेवलेला उष्णतामापक वर्षानुवर्षें जवळजवळ एकच अंक दाखवी, हें त्या शहरांतील सर्व शास्त्रज्ञांस ठाऊक होतें.

फूरियेचें उत्तर असें. उष्णतेची लाट जों जों खोल जाते तों तों तिची उंची कमी होते आणि तिला उशीर होतो. हीं दोन्ही कार्यें एकाच कारणाचीं आहेत आणि त्यांचें प्रमाण बांधलेलें आहे. शिवाय सावकाश चालणारी लाट अधिक खोल जाते, भरभर चालणारी वरच्यावर विरते. वर्षाचे ३६५ दिवस. त्याचें वर्गमूळ सुमारें १९. म्हणून वार्षिक लाट दैनिक लाटेच्या १९ पट खोल जाते. आमच्या मतें तापलेल्या जमिनीचें सगळें शास्त्र या एका निष्कर्षांत बीजरूपानें आहे. मुरण-विलंब म्हणजे एवढे तास असा एकच अंक सांगतां येत नाहीं. दिवसाच्या लाटेला एक विलंब, तासाच्या लाटेला दुसरा. जो कोणी जमिनीच्या विलंबाचा एकच अंक सांगतो त्यानें फूरिये वाचलेला नाहीं असें खुशाल समजावें.

हें झालें कागदावर. प्रत्यक्षाची साक्ष एडिंबरोची. १८३७ सालीं जे. डी. फोर्ब्ज या प्राध्यापकानें त्या शहरांत व आसपास तीन ठिकाणीं लांब नळीचे उष्णतामापक जमिनींत पुरले: कॅल्टन टेकडीवरील वेधशाळेच्या काळ्या खडकांत, एका बागेच्या वाळूंत आणि क्रेगलीथ येथील खाणीच्या वालुकाश्मांत. प्रत्येक ठिकाणीं ३, ६, १२ व २४ फ्रेंच फूट अशा चार खोल्या. हे आंकडे वर्षानुवर्षें टिपले जात राहिले. कॅल्टन टेकडीवर २४ फूट खालीं उन्हाळ्याचा कळस पोंचतो तो जानेवारीच्या सुमारास. वर बर्फ पडत असतें तेव्हां खालीं ग्रीष्म असतो. वालुकाश्मांत उष्णता अधिक लवकर चालते, हेंहि त्यांवरून सिद्ध झालें. १८६० सालीं विल्यम थॉमसन (पुढें लॉर्ड केल्व्हिन) यानें फोर्ब्जच्या नोंदी घेऊन फूरियेच्या श्रेणींनीं त्या सोडविल्या: वार्षिक लाट वेगळी, सहामाही लाट वेगळी. लाटेची उंची किती घटली यावरून खडकाची उष्णतावाहकता काढावी. ती किती उशीरा आली यावरून पुन्हां काढावी. दोन्ही उत्तरें जुळलीं तर गणित खरें. तीं पुष्कळशीं जुळलीं. थॉमसननें त्या अंकांवरून १८६२ सालीं पृथ्वीचें वय काढण्याचा घाट घातला व तेथें तो चुकला, ती गोष्ट निराळी. आमच्या विषयापुरतें पाहतां, मापन आणि प्रतिरूप एकमेकांशीं ताडून पाहण्याची रीत येथें पूर्ण स्वरूपांत दिसते. आजचे अभियंते याहून तत्त्वतः वेगळें कांहीं करीत नाहींत.

या दोघांच्या मध्यें एक नांव नेहमीं वगळलें जातें, तें ड्युआमेल याचें. १८३३ सालीं त्यानें दाखविलें कीं, बाहेरचें उष्णतामान एका क्षणीं एक अंशानें वाढवून तसेंच ठेवलें तर आंत काय होईल एवढें एकदां काढलें कीं, बाहेर कितीहि वेडेंवांकडें चढउतार झाले तरी आंतलें उत्तर नुसत्या बेरजेनें मिळतें. बाहेरच्या प्रत्येक बदलाचे तुकडे करावे, प्रत्येकाचा उत्तरभाग त्याच्या त्याच्या विलंबानें पुढें सरकवावा आणि सगळे मिळवावे. हे सूत्र लक्षांत ठेवावें. संगणकाच्या प्रकरणांत तें पुन्हां भेटेल.

विसाव्या शतकांत विस्तव जमिनीखालून निघाला व त्याच्या जागीं पाण्याच्या नळ्या आल्या. इंग्लंडांत ए. एच. बार्कर यानें शतकाच्या पहिल्या दशकांत जमिनींत व भिंतींत नळ्या पुरून घर तापविण्याचें पेटंट घेतलें. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यानें जपानांत एका सरदाराच्या घरीं कोरियन पद्धतीची खोली अनुभविली, आणि तो त्या उबेवर इतका खूष झाला कीं पुढें आपल्या घरांतून त्यानें तीच कल्पना नळ्यांनीं साधली. विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅडिसन येथें १९३७ सालीं पुरें झालेलें जेकब्ज यांचें घर हें त्यांपैकीं प्रसिद्ध. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन येथें तळघरावांचून, काँक्रीटच्या तक्तपोशींत तांब्याच्या नळ्या घालून, हजारों स्वस्त घरें उठविण्यांत आलीं. येथें इतिहासाला एक वळण मिळालें तें लिहिणाऱ्यांच्या नजरेस आलेलें दिसत नाहीं. रोमन दास किंवा कोरियन गृहिणी विस्तवाजवळ असे व संध्याकाळचा विचार दुपारीं करी. आतां ती जागा भिंतीवरच्या एका लहान यंत्रानें घेतली. खोलींत थंडी वाजली कीं बंब सुरू, ऊब आली कीं बंद, एवढेंच त्याला कळे. दुपारीं काय होईल हें त्याच्या गांवीं नव्हतें.

याचा परिणाम अंकांनीं पाहूं. १० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची जमीन घ्या. काँक्रीटचे सामान्य गुण धरून हिशेब केला तर दर चौरस मीटरला एक अंश चढविण्यास सुमारें २ लाख ७ हजार ज्यूल लागतात, आणि पृष्ठभागावरून दर अंशाला सुमारें १० वॉट निघून जातात. म्हणजे बंब बंद केल्यावर जमिनीचा अधिक ताप एक-तृतीयांशाच्या जरासा वर उतरावयास सुमारें पावणेसहा तास लागतात. पहांटे थंडी पाहून यंत्रानें जमीन तापविली. १० वाजतां खिडकींतून ऊन आलें. यंत्रानें बंब बंद केला. पण जमीन दुपारपर्यंत ऊब सोडीतच राहिली. खिडक्या उघडून ती ऊब बाहेर घालवावी लागते, आणि संध्याकाळीं पुन्हां थंडी. जळण गेलें तें गेलेंच. जमीन जास्त तापवून लवकर ऊब आणावी म्हटलें तर पाय पोळतात. युरोपांतील आजच्या प्रमाणनियमांत वावरण्याच्या भागीं जमिनीच्या पृष्ठभागाची मर्यादा २९ अंश ठेवली आहे. घाई करण्यास वाव नाहीं, तेव्हां आधीं कळणें हाच एक मार्ग उरतो.

मुरण-विलंबाचे अंकहि पाहावे. दिवसाची लाट काँक्रीटच्या जाड थरांत १० सेंटिमीटर खोल जातांना सुमारें पावणेतीन तास उशीर करते व निम्मी होते. तासाची लाट तेवढ्याच अंतरांत शेंकडा ३ उरते. शाळेंत त्रैराशिकावर वाढलेल्या माणसाला येथें आणखी एक धक्का बसतो. थंड थर प्रथम तापण्यास लागणारा काळ जाडीच्या प्रमाणांत वाढत नाहीं, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ५ सेंटिमीटरला एक तास तर १० सेंटिमीटरला चार.

हें सगळें फूरियेच्या सूत्रांतून निघतें. मग १९४७ सालीं तें वापरलें कां नाहीं? कारण प्रत्येक घराला, प्रत्येक दिवसाच्या हवेला, हातानें एवढी बेरीज करणार कोण? श्रम वांचविण्याचे प्रयत्न चालू होतेच. १९२४ सालीं एर्न्स्ट श्मिट या जर्मन अभियंत्यानें थराचे काप पाडून पट्टीनें रेघा ओढीत उष्णतेची चाल काढण्याची रीत दिली. तिच्यांत एक अट लपलेली आहे: काप १ सेंटिमीटरचा तर काळाचें पाऊल काँक्रीटसाठीं सुमारें ७१ सेकंदांचें, काप निम्मा केला कीं पाऊल चौथाईवर, १८ सेकंदांवर येतें. याहून मोठें पाऊल टाकलें तर साध्या पद्धतीचें उत्तर वेडेंवांकडें उड्या मारूं लागतें. १९४७ सालीं जॉन क्रँक व फिलिस निकल्सन यांनीं ही अट टळेल अशी पद्धति प्रसिद्ध केली; फिलिस निकल्सन या बाईंचें नांव तीत पहिल्यापासून आहे हें नमूद करावेंसें वाटतें. फ्रान्सांत नेसी व निसोल यांनीं १९२५ सालींच मध्यवर्ती तापयोजनांच्या बदलत्या अवस्थेसाठीं एकअंशी बदलाचें उत्तर वापरलें होतें, म्हणजे ड्युआमेलची रीत घराला लावली होती. त्यांचें नांव अभियंत्यांच्या बाहेर कोणी घेत नाहीं.

१९६७ सालीं कानडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेंतील स्टीफनसन व मितालास यांनीं संगणकासाठीं जी रीत बसविली, ती याच घराण्यांतली. भिंतीला एक ठराविक धक्का द्यावा. पुढील प्रत्येक तासाला काय होतें त्याची यादी करून ठेवावी. ती यादी म्हणजे त्या भिंतीची पत्रिका. पुढें कोणत्याहि दिवसाचें उत्तर त्या यादीनें गुणून बेरीज केली कीं झालें. १९७१ सालीं त्याच दोघांनीं ती यादी पुष्कळ आंखूड केली. मागील उत्तरेंच पुढच्या उत्तरांत वापरलीं म्हणजे लांब स्मरण ठेवावें लागत नाहीं. यांत भूतकाळाचें ओझें आहे, पण मोजकें. ड्युआमेलच्या सूत्रास १३४ वर्षांनीं हात-पाय फुटले, असें आम्ही यास म्हणतों.

तापलेल्या जमिनीला मात्र ही रीत तशीच लागू पडेना. भिंतीला दोन बाजू असतात व ताप बाजूंवरून येतो. येथें तर नळी थराच्या पोटांत आहे. १९९५ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील रिचर्ड स्ट्रँड यानें आपल्या प्रबंधांत त्या पोटांतल्या तापासाठीं तिसरें पद घालून यादी वाढविली, आणि अमेरिकन सरकारच्या २००१ सालीं बाहेर पडलेल्या एनर्जीप्लस या संगणकप्रणालींत ती आली. स्वित्झर्लंडांत कोशेंत्स व लेहमान यांनीं २००० सालीं दुसरा मार्ग काढला: नळ्यांच्या ओळीचें पसरट जाळें एका समतुल्य रोधांत बसवून थराचें गणित एकाच दिशेंत आणलें. योगायोग असा कीं, ज्या मॅडिसन गांवीं राइटचें घर आहे तेथीलच विद्यापीठांतून १९७५ सालीं ट्रान्सिस ही दुसरी प्रसिद्ध प्रणाली निघाली.

आतां राहिला प्रवास-विलंब. त्याचें कुळ निराळें आहे, व तें उष्णतेच्या गणितांत शोधूं नये. १९३६ सालीं कॅलेंडर, हार्ट्री व पोर्टर या तिघांनीं नियंत्रणांतील कालविलंबावर जो निबंध प्रसिद्ध केला तो त्याचा पाया. हार्ट्री व पोर्टर यांनीं मँचेस्टर येथें मुलांच्या खेळण्यांतल्या मेकॅनोच्या चक्रांनीं समीकरणें सोडविणारें यंत्र १९३४ सालीं जुळविलें होतें. तशा यंत्राची कल्पना १८७६ सालीं मांडणारा थॉमसनच, हें वाचून एडिंबरोच्या खडकाची आठवण व्हावी. उशीरा आलेल्या बातमीवर विसंबून हुकूम सोडणारें यंत्र कसें झोंके खाऊं लागतें, हें त्यांनीं त्यावर चालवून दाखविलें. १९५७ सालीं ओटो स्मिथ यानें उपाय सुचविला: नियंत्रकाच्या आंतच प्रतिरूप ठेवावें, म्हणजे बातमी येण्यापूर्वींच ती काय असेल हें त्याला कळेल. रोमन दास दुसरें काय करीत होता?

घराच्या नळींत हा विलंब लहान असतो. १०० मीटर लांब नळींत पाणी सेकंदाला पाव मीटर वेगानें चाललें तर एक फेरी ४०० सेकंदांची, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आंतली. प्रतिरूपाचें पाऊल तासाचें असेल तर ती पावलांत बुडून जाते व कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण पाऊल मिनिटाचें केलें कीं रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणें पाण्याचे सात भाग ओळीनें स्मरणांत ठेवून पुढें सरकवावे लागतात. आणि पंप मंद केला कीं पोहऱ्यांची संख्या बदलते. कांहीं लेखक हा पावणेसात मिनिटांचा विलंब फुगवून पांच तासांच्या मुरण-विलंबाच्या जागीं बसवितात. अशा प्रतिरूपांतील जमीन पांच तास स्तब्ध राहून मग एकदम तापते. खरी जमीन तसें कधींच करीत नाहीं.

फोर्ब्जनें खडकाच्या केल्या तशा नोंदी आपल्या देशांतल्या तापत्या फरशीच्या व्हाव्या असें आम्हांस वाटतें. श्रीनगरास हिवाळ्यांत राहणाऱ्या आमच्या एखाद्या सभासदानें एका हमामापाशीं तीन रकान्यांचें टिपण ठेवावें: लांकूड केव्हां घातलें, किती घातलें, आणि फरशीवरील उष्णतामान दर तासाला काय होतें. दोन महिन्यांच्या नोंदी पुरेत. त्यांवरून त्या फरशीची यादी ड्युआमेलच्या रीतीनें काढतां येते, आणि त्यासाठीं संगणकाचीहि गरज नाहीं.